कळी दिसली की कात्री

नमस्कार मंडळी. बोलायच्या आधी हे ताट फिरवते. प्रत्येकाने एकेक पान उचला, जिभेवर ठेवा आणि दोनतीनदा चावा. लगेच काही लागणार नाही. क्षणभराने गोडी येईल आणि मग जायचं नावच घेणार नाही. शेवटी थोडी कडसर, ज्येष्ठमधासारखी चव राहिली, तर पान खराब आहे असं समजू नका. या झाडाचा स्वभावच तसा आहे.

हा स्टीव्हिया. नर्सरीवाले गोड तुळस म्हणून देतात, कुणी मधुपत्री म्हणतात. तुळशीशी याचं काही नातं नाही. हा शेवंतीच्या कुळातला. नातं लक्षात ठेवा, थोड्या वेळाने कामाला येईल.

याचं माहेर पॅराग्वेच्या ईशान्येकडचा आमाम्बायचा डोंगराळ भाग. तिथले ग्वारानी लोक याला ‘काआ हेए’ म्हणतात, म्हणजे गोड पाला. माते नावाचं त्यांचं कडू पेय आहे, ते गोड करायला हा पाला पिढ्यानपिढ्या वापरात होता. मोइसेस बेर्तोनी या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1899 मध्ये याची शास्त्रीय नोंद केली, तीही सुकलेल्या, मोडक्या नमुन्यावरून. त्याने नाव दिलं ते रेबाउदी या रसायनतज्ज्ञाचं. ज्यांनी पान ओळखलं त्यांचं नाव कुठेच नाही, असो.

आता कुंडी. झाडाचं मूळ घर पाणथळ जागेच्या काठची रेताड जमीन. म्हणून याला तहान सोसत नाही आणि पाय भिजलेलेही चालत नाहीत. दहा-बारा इंची कुंडी, माती, तितकीच वाळू किंवा कोकोपीट, थोडं गांडूळखत. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा. माझी पहिली दोन झाडं जुलैत मुळं कुजून गेली, ती ताटलीमुळेच. मे महिन्यात दुपारच्या उन्हातून बाजूला घ्या.

बियांच्या नादी लागू नका. बी रुजण्याचं प्रमाण फार कमी असतं आणि रुजलं तरी रोप आईइतकं गोड निघेलच असं नाही. चार-पाच इंचांची फांदी घ्या, खालची पानं काढा, ओल्या मातीत सावलीला खोचा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फुटवे येतील.

आता शेवंतीची गोष्ट. शेवंती हिवाळ्याच्या तोंडावर का फुलते? रात्री लांबतात म्हणून. स्टीव्हियाचंही तसंच. दिवस साधारण तेरा तासांच्या खाली आला की तो कळ्यांच्या तयारीला लागतो. आपल्याकडे ऐन जूनमध्येसुद्धा दिवस साडेतेरा तासांच्या आतच असतो आणि डिसेंबरात पुण्याला जेमतेम अकरा. म्हणजे आपल्या गच्चीवर हे झाड सदा फुलायच्या बेतात. फुलं नाजूक, पांढरी, दिसायला गोड, पण ती आली की पानांतली गोडी उतरायला लागते. सगळ्यात जास्त गोडी असते ती कळ्या उमलायच्या अगदी आधी. म्हणून कळी दिसली की कात्री घ्यायची. चार-पाच इंचांचा बुंधा ठेवून वरचं सगळं कापायचं. झाड पुन्हा फुटतं.

फांद्यांच्या जुड्या बांधून सावलीत, वाऱ्यावर टांगा. पानं बोटांत चुरली गेली की झाली. पूड मिक्सरमध्ये करताना झाकण लगेच उघडू नका. मी उघडलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत गिळलेलं पाणीसुद्धा गोड लागत होतं!

सुकलं पान साखरेच्या दहा-पंधरा पट गोड असतं, तेव्हा कपाला चिमूट पुरते. दुकानातली पांढरी पूड वेगळी. ती पानातून शुद्ध केलेली गोड द्रव्यं, साखरेच्या दोनशे ते तीनशे पट. पाकिटात बहुधा दुसरं काहीतरी मिसळून ती फुगवलेली असते, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा. भारतात 2015 मध्ये परवानगी मिळाली तीही या शुद्ध द्रव्यांना.

आता नेहमीचा प्रश्न: “याचे लाडू होतील का?” नाही होणार. साखर नुसती गोड करत नाही हो. ती पाक धरते, लाडू बांधते, चिक्की कडक करते, मुरांबा टिकवते, केकला तांबूस रंग देते. यातलं एकही काम हे पान करत नाही. चहा, सरबत, ताक, फार तर खीर, इतकंच. उकळलं तरी गोडी जात नाही, हा एक गुण.

आणि मधुमेहाबद्दल स्पष्ट बोलते, कारण दरवेळी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं. हे औषध नाही. याने साखरेचा चमचा वाचतो, गोळी वाचत नाही. वजन उतरवायला बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलंय. त्यात स्टीव्हियाही आला.

ओल्या वर्तमानपत्रात फांद्या गुंडाळून दाराशी ठेवल्यात. जाताना एकेक घ्या आणि आज रात्रीच मातीत खोचा. उद्यापर्यंत पिशवीत राहिल्या तर माना टाकतील.