ममलकोअर करायचाय? आधी पंखा बंद करा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलंय, "दादा, आम्ही तिघं मित्र, तिघंही बेकार, फोन एक. ममलकोअर जमेल का?" आणि खाली पंधरा जणांचं "आम्हालाही सांगा." सांगतो.

ओळख पटकन उरकू. ममलकोअर म्हणजे अमेरिकेतले, दोन हजार सालानंतरचे, फुटकळ पैशांतले सिनेमे. कॉलेज संपलंय, धड नोकरी नाही, धड प्रेम नाही. अँड्र्यू बुजाल्स्कीचा २००२ चा 'फनी हा हा' घ्या. सुरुवातीलाच त्यातली नायिका मार्नी दारू पिऊन टॅटू काढायला जाते आणि टॅटूवाला नाही म्हणतो. पुढे? पुढे असंच. "स्टोरी काय?" विचारणाऱ्यांनी आत्ताच उठावं.

आणि "स्क्रिप्ट नसतेच ना दादा" हे लिहिणं बंद करा. याच पठडीतला दुसरा दिग्दर्शक, जो स्वानबर्ग, त्याचे कलाकार संवाद शूटिंगमध्येच घडवतात, खरंय. बुजाल्स्की मात्र लिहून आणतो. शिवाय 'फनी हा हा' १६ एमएम फिल्मवर शूट झालाय. रीळ महाग, तिथे "बघू, सुचेल" परवडत नाही.

आता माझं दुखणं. आवाज. 'ममल' म्हणजे पुटपुटणं. २००५ मध्ये हे नाव गमतीत दिलं ते एरिक मासुनागा यांनी, आणि हे गृहस्थ कोण? साउंड एडिटर! तुम्ही मला ज्या फिल्म पाठवता, त्यांत पात्र पुटपुटत नाही, माइक पुटपुटतो. फरक आहे.

मी स्वतः हे करून बसलोय. भाड्याची खोली, मे महिना, पंखा फुल्ल. हिरो म्हणतो, "अं... म्हणजे... तसं नाही गं." ऐकू काय येतं? घर्रर्र. म्हटलं डब करू. चार तास घालवले. लिहिलेलं वाक्य डब होतं हो, अडखळणं होत नाही! तो "अं" पुन्हा तसा येतच नाही. आणि या सिनेमांत त्या "अं"शिवाय आहे काय?

वैताग वाटला तर वाटू दे, पुन्हा सांगतो. चित्र अंधारं असलं, हललं, तरी लोक चालवून घेतात, उलट आर्ट म्हणतात. आवाज गेला की दुसऱ्या मिनिटाला व्हिडिओ बंद. तेव्हा साधा कॉलर माइक घ्या, शर्टाला घासत नाही ना बघा, आणि निघण्याआधी सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. एडिटिंगला बसलात की माझी आठवण काढाल.

"पण पंखा बंदच होत नसेल तर?" तर मग अडचणच गोष्टीत घाला. अमेरिकन दिग्दर्शक केविन स्मिथ बघा. १९९४ चा 'क्लर्क्स', खर्च २७,५७५ डॉलर, बराचसा क्रेडिट कार्डांवर. ज्या दुकानात तो कामाला होता तिथेच शूटिंग, तेही रात्री, कारण दिवसा दुकान चालू. आता गोष्ट तर दिवसाची! मग त्याने काय केलं? शटरच्या कुलपात कुणीतरी च्युइंगम कोंबलंय, शटर उघडतच नाही, असं गोष्टीतच घालून टाकलं. बाहेरचा अंधार दिसायचा प्रश्नच मिटला.

माझ्या फिल्ममध्येही शेवटी एक जागा अशी सापडली. हिरो धीर करून तिला सांगणार, एवढ्यात वरच्या काकूंच्या कुकरची शिट्टी. तो दचकतो, ती हसते, बोलणं राहून जातं. मी "कट" म्हणायला विसरलो होतो. लोकांना आवडलेला तो एकच सीन.