वेशीपलीकडची ग्रँड ज्युरी

श्रोतेहो, नमस्कार.

ज्युरी म्हटलं की आपल्याकडे अजूनही १९५९चा नानावटी खटला आठवतो. ती ज्युरी आरोपी दोषी की निर्दोष ते सांगणारी. आज बोलायचंय ते अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीबद्दल. ती निकाल देत नाही. बंद दाराआड साक्षी ऐकते, कागदपत्रं मागवते आणि खटला भरण्याजोगं काही आहे का, ते सांगते.

पेनसिल्व्हेनिया राज्यात ६७ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिचा सरकारी वकील लोकांनी निवडून दिलेला, आणि त्याचा अधिकार त्याच्या वेशीपर्यंतच. गुन्हा अनेक काउंट्यांत पसरला असेल, तर राज्याचा अॅटर्नी जनरल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करतो. न्यायालयाला पटलं, तर २३ नागरिकांची एकच ज्युरी अठरा महिन्यांसाठी बसते. कुठल्या काउंटीतून किती माणसं घ्यायची, तेही न्यायालयच ठरवतं.

याचं महत्त्व १४ ऑगस्ट २०१८ला दिसलं. त्या दिवशी अशाच एका ज्युरीचा अहवाल प्रसिद्ध झाला. कॅथलिक चर्चचे सहा धर्मप्रांत, म्हणजे ५४ काउंट्या. अत्याचाराचे आरोप असलेले ३०० हून अधिक धर्मगुरू आणि हजारावर मुलं. तक्रार आली की फादरची बदली दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये. नव्या गावाला काही ठाऊक नसायचं, आणि तिथल्या सरकारी वकिलालाही. चर्चच्या अंतर्गत कागदांची सुमारे पाच लाख पानं एकाच ज्युरीपुढे आली, तेव्हा कुठे या बदल्यांची साखळी जुळली. ती एका काउंटीत बसून कुणाला दिसलीच नसती.

आणि खटले किती? अहवाल आला तोवर फक्त दोघांवर. बाकीचे बरेच जण मरण पावलेले, बहुतेक प्रकरणं मुदतबाह्य, म्हणजे खटला भरायची कायद्याने दिलेली मुदत उलटून गेलेली.

एक गोष्ट मात्र खटकते. त्या खोलीत साक्षीदाराची उलटतपासणी होत नाही, तरी अहवालात नाव छापलं की माणूस कायमचा बदनाम होतो. अकरा जण त्याविरुद्ध भांडले. डिसेंबर २०१८मध्ये न्यायालयाने त्यांची नावं झाकूनच ठेवायला सांगितली. पुष्कळांना राग आला; मला विचाराल तर न्यायाधीशांचं बरोबर होतं.

पुढच्याच वर्षी बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या फौजदारी खटल्यांची मुदत राज्याने काढून टाकली. ज्यांची मुदत आधीच उलटली होती, त्यांना मात्र त्याचा उपयोग नव्हता.