स्वतःचं दार, स्वतःचं धुराडं

पत्रिकेत आजच्या विषयाचं नाव 'मध्ययुगीन वृद्धाश्रम' असं छापलंय. मी 'आम्सहाउस' कळवलं होतं, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांना धर्मादाय राहायला दिलेली घरं. फोनवर ते 'आमचं हाउस' ऐकू आलं आणि संयोजकांनी आपल्या परीनं सुधारून घेतलं. (हशा) हसू नका, माझं सगळं भांडण त्या एका शब्दाशी आहे. वृद्धाश्रम म्हटलं की डोळ्यांपुढे लांबलचक खोली येते, ओळीनं खाटा, प्रत्येक खाटेखाली ट्रंक. मी बोलणार आहे त्या जागेतल्या म्हाताऱ्याला स्वतःची चूल असते.

जागा इंग्लंडात, विंचेस्टरला. नाव सेंट क्रॉस. इचन नदीच्या काठानं, कुरणांतून मैलभर चालत गेलं की देवडी लागते. तिथला जुना रिवाज असा, की वाटसरूनं मागितलं तर पाव आणि बिअर द्यायची. मागितलं तर हां, आपण होऊन देत नाहीत! मी देवडीपाशी उभा, तोंडातून शब्द फुटेना. जन्मभर मास्तरकी केली, कुणापुढे हात पसरला नाही वगैरे. ही म्हणाली, "लग्नात स्कूटर मागताना बरा आवाज फुटला होता!" (हशा) मागितलं. शिंगाच्या एवढ्याशा पेल्यात दोन घोट बिअर आणि नैवेद्याच्या वाटीत मावेल एवढा पावाचा तुकडा. हिची नेमकी एकादशी, त्यामुळे दोन्ही पेले मीच संपवले.

चिठ्ठी आली? पाच मिनिटं? बरं.

1130च्या दशकात बिशप हेन्री ऑफ ब्ल्वानं हे सुरू केलं. इंग्लंडचा राजा स्टीफन, त्याचा हा भाऊ. तेरा गरिबांना राहायला जागा आणि रोज शंभर जणांना जेवण. चर्चच्या भिंती मीटरभराहून जाड. कमानी काही अर्धगोल, काही टोकदार. काम रेंगाळलं तोवर फॅशन बदलली. आपल्याकडे तळमजल्यावर मोझॅक आणि वर व्हिट्रिफाइड असतं ना, तसंच.

1808मध्ये तिथल्या बिशपानं चक्क पोटच्या मुलाला संस्थेचा प्रमुख केलं. हे चिरंजीव पुढे अर्ल ऑफ गिलफर्ड झाले, म्हाताऱ्यांच्या नावचं उत्पन्न वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशात घालत राहिले, आणि 1853मध्ये कोर्टानं कान धरला. विश्वस्त मंडळींनी इकडे बघू नये. (हशा)

मुद्दा राहिलाच. घाईत सांगतो. आधीच्या अशा जागा म्हणजे एकच मोठं दालन, दोन्ही बाजूंना बिछाने, टोकाला देवघर, म्हणजे अंथरुणातूनच वेदी दिसावी. चिचेस्टरच्या सेंट मेरीजमध्ये ते दालन अजून उभं आहे. पण सतराव्या शतकात त्याच छपराखाली छोटी छोटी घरं बांधली आणि विटांची धुराडी छपरातून वर काढली! सेंट क्रॉसला हे 1445च्या सुमाराला कार्डिनल बोफर्टनं केलं होतं. चांगल्या घरातल्या, पण दिवस फिरलेल्या माणसांसाठी. चौकाच्या कडेनं घरांची रांग, प्रत्येकाला बसायची खोली, निजायची खोली, कोठीची जागा, आणि वर उंच धुराड्यांची ओळ. बोफर्टच्या लोकांना तांबडा झगा, हेन्रीच्या मूळ संस्थेतल्यांना काळा आणि त्यावर छातीशी चांदीचा क्रूस. आजही.

उठतोच आहे. आम्ही निघालो तेव्हा तांबड्या झग्यातले एक आजोबा दारातून बाहेर आले. त्यांनी दार ओढून कुलूप लावलं, एकदा हलवून पाहिलं आणि किल्ली झग्याखाली खिशात टाकली.