चालू फोन बंद करू नका

नमस्कार श्रोतेहो. गुन्ह्याच्या तपासात मोबाइल हाती लागला की पहिलं काम कोणतं? तो बंद करणं? मुळीच नाही. फोन चालू, नेटवर्क बंद. पुन्हा सांगतो, फोन चालू, नेटवर्क बंद. एकदा बंद होऊन सुरू झालेला फोन पासवर्ड पडेपर्यंत आतली बरीचशी माहिती कुलपात ठेवतो. आणि नेटवर्क राहिलं, तर साथीदार लांबूनच सगळं पुसू शकतो.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त हवालदारांचा किस्सा ऐका. द्राक्षांचा हंगाम. निफाडकडच्या शेतकऱ्याचा माल उचलून व्यापारी पसार झालेला. तो सापडला नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या लॉजवर. फोन चालू, पण लॉक; विमान मोड लागेना. सिग्नल अडवणारी फॅराडे पिशवी राहिली ठाण्यात. हवालदारांनी समोरच्या मिसळवाल्याकडून पार्सलची चंदेरी फॉइल आणवली. (मिसळीचं साधं दुकान होतं म्हणून बरं. हल्ली मिसळ खायला गेलं की बागेतले झोपाळे आणि बदकं पाहायची की तर्री ओरपायची, कळत नाही.) सिग्नल शोधून शोधून बॅटरी उतरते, म्हणून पॉवर बँक जोडली आणि दोन्ही एकत्र चांगलं चार-पाच पदरी गुंडाळलं. मग शेतकऱ्याला म्हणाले, "लावा बरं त्याला फोन." त्यानं लावला, ऐकलं, आणि वैतागून म्हणाला, "साहेब, संपर्क क्षेत्राबाहेर! हे तर मी महिनाभर ऐकतोय!"

पुढे व्यापाऱ्यानं पासवर्ड आपणहून दिला. मेसेज डिलीट केलेत, मग भीती कसली! पण डिलीट म्हणजे दारावरची पाटी काढली, बिऱ्हाड आतच. त्या जागेवर नवी माहिती बसेपर्यंत जुनी कधी कधी मिळते, नेहमीच नाही. इथं मेसेज गेले होते, पण काटापावतीच्या फोटोची चिमुकली प्रत, थंबनेल, गॅलरीच्या साठ्यात राहिली होती. आकडे वाचता येईनात. मागे मात्र शेतकऱ्याचं शेड आणि व्यापाऱ्याचा पिकअप, दोन्ही स्पष्ट.

सेलेब्राइटच्या यूफेडसारखी साधनं फोनमधली माहिती उतरवून घेतात. उतरवलेल्या प्रतीचा हॅश काढतात, म्हणजे त्या माहितीवरून गणितानं काढलेला अक्षर-आकड्यांचा ठसा. त्यात एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हा हॅश लिहावा लागतो.

तुमची फसवणूक झाली, तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ मेसेज ठेवा, मूळ फोन ठेवा. आणि तक्रारीआधी तो फॉरमॅट करून भाच्याला देऊ नका.