‘पर्स’: बर्डीच्या दुकानापासून आयपीएलच्या लिलावापर्यंत

नमस्कार मंडळी! बर्डीच्या मेन रोडवर दुकानदाराला “पर्स दाखवा” म्हणा, तो आधी विचारेल, “लेडीज की जेन्ट्स?” आपल्या नागपुरात पुरुषाच्या खिशातलं पाकीटही पर्स आणि बाईच्या खांद्यावरची बॅगही पर्स. इंग्रजीत पुरुषाचं ते वॉलेट. ब्रिटनमध्ये पर्स म्हणजे बायकांचं पैसे ठेवायचं छोटं पाकीट, ते हँडबॅगच्या आत असतं. अमेरिकेत मात्र ती हँडबॅगच पर्स! म्हणून इंग्रजी गोष्ट वाचताना लेखक कुठला, ते आधी बघा.

शब्दाचं मूळ ग्रीक. ‘बिर्सा’ म्हणजे कातडं. लॅटिनमध्ये त्याचं ‘बुर्सा’ झालं, म्हणजे थैली. मिहानमधल्या कंपनीत टॅक्सीचं बिल लावून तुम्ही रिइम्बर्समेंट मागता ना, त्यातही हीच थैली आहे. खर्च झालेले पैसे परत थैलीत!

आता माझा सगळ्यात आवडता भाग. जुनी पर्स आजीच्या बटव्यासारखी असायची. तोंडाशी दोरी ओवलेली, ओढली की चुण्या पडून तोंड बंद. ही दोरी लक्षात ठेवा, मग बरेच अर्थ पाठ करावे लागत नाहीत. ओठांचा चंबू केला की ‘पर्स्ड लिप्स’. कोकणातल्या पर्ससीन जाळ्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. माशांच्या थव्याभोवती जाळं टाकतात आणि खालची दोरी ओढून त्याचं बूड आवळतात. म्हणून ते पर्ससीन. आणि ‘शी होल्ड्स द पर्स स्ट्रिंग्ज’ म्हणजे पैशाचा सगळा कारभार तिच्या हातात.

पुढे थैली मागे पडली, आतला पैसा तेवढा उरला. बॉक्सिंगच्या लढतीची रक्कम म्हणजे पर्स. आयपीएल 2025 च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स होती 120 कोटींची. पब्लिक पर्स म्हणजे सरकारी तिजोरी.

आणि प्रिव्ही पर्स? संस्थानं भारतात विलीन झाल्यावर राजांना सरकारकडून मिळणारी वार्षिक रक्कम. 1971 मध्ये 26 व्या घटनादुरुस्तीने ती बंद झाली. भोसल्यांचं नागपूर तर इंग्रजांनी 1854 मध्येच खालसा केलं होतं, त्यामुळे इथे तो प्रश्नच आला नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनो, उत्तरपत्रिकेत ‘खासगी पाकीट’ असं भाषांतर कृपा करून करू नका. ‘संस्थानिकांचे तनखे’ असं लिहा.