चिंचोक्याएवढा डाग

निपाणी. तंबाखूच्या वखारीजवळून जाताना नवख्याला ठसका लागतो. इथल्यांना तो वास जाणवतही नाही. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी महामार्गावर ठिय्या मारला, तेव्हा आप्पाही त्या रस्त्यावर बसले होते. खिशात विडीचं बंडल असायचंच.

आज आप्पांचं वय ७६. हर्नियाच्या ऑपरेशनआधी बेळगावात छातीचा एक्स-रे काढला आणि उजव्या फुप्फुसात डाग दिसला. सीटी स्कॅनमध्ये १.८ सेंटिमीटर भरला. चिंचोक्याएवढा. खोकला नाही, थुंकीत रक्त नाही, वजनही घटलेलं नाही. कॅन्सर असा लवकर हाती लागणं, हे नशीबच म्हणायचं.

आपल्याकडे डाग दिसला की पहिली शंका टीबीची, आणि ती रास्तच आहे. पण तपासणीत जंतू सापडले नसताना महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या खाण्यात मोलाचा वेळ जातो. आप्पांच्या बाबतीत सुईने तुकडा काढून तपासला, म्हणून निदान झालं.

मग घरात बैठक बसली. थोरला म्हणाला, "ह्या वयात कापाकापी कशाला की?"

हा प्रश्न मायेपोटीच येतो. पण त्याचं उत्तर आधार कार्डावरच्या जन्मतारखेत नसतं. ते फुप्फुसाच्या ताकदीत असतं, हृदयात असतं, माणूस रोज किती चालतो यात असतं. डॉक्टरांनी आप्पांना फुंकर मारायला लावून श्वास मोजला आणि मग जिने चढायला लावले. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, एक हात कठड्यावर. तिसऱ्या मजल्यावर आप्पा थांबले, धोतराचा सोगा सावरला आणि पुन्हा निघाले.

उजव्या फुप्फुसाचे तीन मोठे भाग, डाव्याचे दोन. त्यांना लोब म्हणतात. गाठ असलेला अख्खा लोब काढायचा, हीच वर्षानुवर्षांची रीत. पण लोबच्या आत लहान भाग असतात, सेगमेंट. प्रत्येकाला श्वासनळीची आपली फांदी, आपली रक्तवाहिनी. तेवढाच भाग काढला तर? जपानमध्ये ११०६ रुग्णांवर याचा अभ्यास झाला. गाठी २ सेंटिमीटरपर्यंतच्या, फुप्फुसाच्या कडेच्या बाजूला. २०२२ साली निकाल आला: पाच वर्षांनंतर सेगमेंट काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के हयात होते, लोब काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. मात्र कॅन्सर त्याच जागी किंवा जवळपास उलटण्याचं प्रमाण सेगमेंटवाल्यांत जास्त होतं. हेही घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं. लिम्फच्या गाठींत, म्हणजे फुप्फुसाजवळ मुळातच असणाऱ्या छोट्या ग्रंथींत, कॅन्सर पोचला असेल तर हिशेब बदलतो, म्हणून त्या ऑपरेशनमध्येच काढून तपासतात.

आता बहुतेक वेळा बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत. दोन-तीन छोट्या छेदांतून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात. दुखणं कमी, म्हातारा माणूस लवकर उठून बसतो. आणि ज्यांना भूलच झेपणार नाही, त्यांच्यासाठी नेमका नेम धरून मोजक्या बैठकांत दिलेलं रेडिएशन आहे.

आप्पांसाठी सेगमेंट ठरला. तारीख महिन्याने. विडी त्याच दिवशी सुटली. सकाळ-संध्याकाळ शिवारापर्यंत चालणं सुरू झालं.

सोप्यात नात शेजारी बसून मोजते. आप्पांच्या तोंडात नळी, समोर प्लॅस्टिकच्या खोक्यात तीन चेंडू. श्वास आत ओढला की पहिला उडतो, मग दुसरा. "आप्पा, अजून जरा ओढा की!" तिसरा थरथरतो. खाली बसतो. आप्पा नळी पुसतात, पुन्हा तोंडात धरतात.