आधी फर्मवेअरला विचारा

या या, बसून घ्या, मागे अजून खुर्च्या आहेत. विषय तुम्हाला माहितीच आहे, जुन्या लॅपटॉपवर कुठली हलकी सिस्टम टाकायची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या मशीनमध्ये सहसा नसते, म्हणून कितीतरी चांगले लॅपटॉप कपाटात जाऊन बसलेत. सिस्टमची नावं मी सांगणारच आहे, पण आधी एक किस्सा ऐका, त्याच्याशिवाय त्या नावांचा काही उपयोग नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बारावीची मुलगी राहते. तिच्या बाबांनी २०१५ ला घेतलेला छोटा लॅपटॉप, इंटेल ॲटम, बे ट्रेल पिढीतला, २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज आणि तेही बोर्डावरच सोल्डर केलेलं. विंडोज उघडायला दहा मिनिटं लागायची म्हणून दुकानात नेला. दुकानदाराने लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टमचा, पेनड्राइव्ह लावून बघितला, काहीच दिसेना, तर म्हणे मदरबोर्ड गेला, भंगारात टाका. मला याचा फार राग येतो हो! धडधाकट मशीन, स्क्रीनवर एक रेघ नाही, आणि एका वाक्यात त्याचा निकाल लावून मोकळे. पोरीच्या प्रोजेक्टच्या फाइल्स होत्या त्यात.

संध्याकाळी तो लॅपटॉप माझ्याकडे आला. मीपण नेहमीसारखा लुबुंटूचा, म्हणजे एका हलक्या लिनक्सचा, पेनड्राइव्ह लावला. नाही दिसला. दुसऱ्या पोर्टला लावला, पेनड्राइव्ह बदलला, अनोळखी सिस्टम अडवणारं सिक्युअर बूट बंद केलं, तरी नाही. बरं एरर तरी यावी, तीपण नाही, बूट मेनूत पेनड्राइव्हचं नावच येत नाही. लेगसी मोड, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने उठायची सोय, शोधायला गेलो तर तो पर्यायच दिलेला नाही. दोन संध्याकाळी यात गेल्या. मग विंडोज सुरू होईपर्यंत बसून राहिलो आणि सिस्टमची माहिती उघडली, तिथे लिहिलेलं होतं, ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४ प्रोसेसर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

बिट म्हणजे प्रोसेसर एका घासात किती माहिती उचलतो त्याचं माप. झालं होतं असं की प्रोसेसर ६४ बिटचा, पण रॅम कमी म्हणून कंपनीने विंडोज ८.१ ची ३२ बिटची आवृत्ती टाकून विकला, आणि विंडोजला फर्मवेअरही, म्हणजे बोर्डावरचा मशीन उठवणारा प्रोग्रामही, तितक्याच बिटचं लागतं, म्हणून यूईएफआय, म्हणजे आजकालचं फर्मवेअर, ३२ बिटचं ठेवलं. हे फर्मवेअर पेनड्राइव्हच्या ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरमध्ये बूटआयए३२ नावाची फाइल शोधतं, आणि आपल्या पेनड्राइव्हवर असते बूटएक्स६४. त्याला हवी ती फाइल दिसत नाही म्हणून तो पेनड्राइव्ह बघतच नाही. संपलं. बोर्डाला काहीही झालेलं नाही. २००६-०७ च्या काही मॅकबुकमध्येही हाच घोळ आहे.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, यावरचा उपाय २०१४ पासून आहे, ३.१५ आवृत्तीपासून, ३२ बिट फर्मवेअरवरून ६४ बिट कर्नल उठतो. डेबियन नावाच्या लिनक्समध्ये आवृत्ती ८ पासून इन्स्टॉलरमध्येही सोय आली. मी काय केलं, पेनड्राइव्ह फॅट३२ केला, आयएसओ, म्हणजे लुबुंटूची उतरवलेली इमेज, तिच्यातल्या फाइल्स त्यावर कॉपी केल्या आणि ती एक बूटआयए३२ त्या फोल्डरमध्ये टाकली. इमेज पेनड्राइव्हवर जशीच्या तशी लिहिली तर ती फाइल घालता येत नाही, म्हणून कॉपी. एवढीशी फाइल! रात्री सव्वाअकराला लुबुंटूचा लोगो आला आणि ती पोरगी जिन्यातूनच ओरडली, आई, चालू झाला!

आधी तिच्या फाइल्स काढून घेतल्या आणि मग इन्स्टॉल केलं. रीस्टार्ट केल्यावर परत काळी स्क्रीन, कारण इन्स्टॉलरने ग्रब, म्हणजे लिनक्स उठवून देणारा प्रोग्राम, ६४ बिटचं बसवलं होतं. पुन्हा पेनड्राइव्हवरून शिरून ३२ बिटचं ग्रब टाकलं तेव्हा कुठे काम झालं. आज ती त्यावर नोट्स टाइप करते.

अरे, दहाच मिनिटं राहिली म्हणतायत. बरं, भराभर सांगतो, लिहून घ्या.

३२ बिट फर्मवेअर आणि ३२ बिट प्रोसेसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फर्मवेअर ३२ चं दिसलं म्हणून ३२ बिटची सिस्टम टाकू नका, ती वाट बंद होत चाललीय, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलरच नाही, आणि क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ लाच सोडलं. प्रोसेसर खरोखरच ३२ चा असेल तर डेबियन १२ किंवा अँटीएक्स हे हलकं लिनक्स. काही जुन्या पेंटियम एम प्रोसेसरमध्ये पीएई, म्हणजे जास्त रॅम वापरायची सोय, असते पण ते प्रोसेसर तसं सांगत नाहीत, तिथे बूट करताना फोर्सपीएई लिहायचं.

१ जीबी रॅम असेल तर अँटीएक्स नाहीतर पपी लिनक्स, २ असेल तर लुबुंटू, ४ असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती खुशाल टाका. झेडरॅम, म्हणजे रॅममधली माहिती दाबून जागा करणारी सोय, चालू करा. हार्डडिस्क फिरणारी असेल तर साधी साटा एसएसडी घाला, सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो. आणि इन्स्टॉलच्या आधी बायोसमधली तारीख बघा, बोर्डावरचा सेल उतरला की ती मागे जाते, मग ब्राउझर सर्टिफिकेटवरून भांडतो आणि प्रोग्राम उतरवून देणारं ॲप्ट म्हणतं ही फाइल अजून लागूच झालेली नाही, आणि माणूस वायफायला दोष देत बसतो.

फर्मवेअर किती बिटचं ते बघायचंय आणि लिनक्स चालू असेल तर सिस फोल्डरमध्ये फर्मवेअर, त्यात ईएफआय, त्यात एफडब्ल्यू प्लॅटफॉर्म साइज नावाची फाइल वाचा, ३२ किंवा ६४ असा आकडा मिळेल. तो ईएफआय फोल्डरच नसेल तर तुम्ही जुन्या बायोस पद्धतीने उठलाय.

ज्यांनी मशीन आणलीत त्यांनी चार्जरसकट पुढच्या टेबलावर या, बूटआयए३२ घातलेले तीन पेनड्राइव्ह मी आणलेत.